वचन सुटं वाचू नका

मराठी साहित्य संमेलनामुळे ओळखलं जाणारं कडोली बेळगावच्या अगदी जवळ. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, म्हणजे या पट्ट्याला बायबलची ओळख दोनशे वर्षांची. तरी वचन सुटं उचलून भिंतीवर टांगायची सवय इथेही आहेच.

कॅलेंडरवर हमखास दिसणारं यिर्मया २९:११ घ्या. चांगल्या भविष्याची आशा देणारं; नवं दुकान, दहावीचा निकाल, लग्न, कुठेही खपतं. पण ते बाबेलात बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना धाडलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीचंच वचन सुटकेला ७० वर्षं लागतील म्हणतं. त्याआधी तर तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असा सल्ला आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या हयातीत परतीचा दिवस उजाडणारच नव्हता! आशा खरी, पण ती साऱ्या समाजाला दिलेली आणि लांब पल्ल्याची.

अध्याय आणि वचनांचे आकडेही मूळ लेखकांचे नव्हेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, नव्या करारातले वचनांचे क्रमांक १५५१ मधले. तेव्हा आकड्यापाशी थांबायचं कारण नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं; आपल्याला फार तर एक पान मागे जायचंय.

शिवाय दाखला दाखल्यासारखा, स्तोत्र काव्यासारखं वाचावं. कीर्तनाला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.