वेळापत्रक बर्फाच्या हाती

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने, राजधानी रेक्याविकपासून योकुल्सारलोन नावाच्या हिमसरोवरापर्यंत, सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला समुद्र आहे, तर दुसऱ्या अंगाला धबधबे, ज्वालामुखी आणि हिमनद्या इतक्या दाटीने उभ्या आहेत की भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील अर्धी प्रकरणे दोन-तीन दिवसांत डोळ्यांखालून जावीत. हिवाळ्यात या वाटेवर वाटाड्यासह निघणाऱ्या सहली बऱ्याच आहेत. मात्र त्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिकेतला क्रम हा वायदा नसून अंदाज असतो, आणि त्या दिवशीचा वारा, रस्ता व बर्फ पाहून तो बदलणे किंवा प्रसंगी रद्द करणे हेच वाटाड्याचे मुख्य काम असते, ही गोष्ट पर्यटकांच्या सहसा उशिरा ध्यानात येते.

आइसलंड साधारण ६३ ते ६६ अंश उत्तर अक्षवृत्तांच्या दरम्यान असल्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात रेक्याविकमध्ये सूर्य अकराच्या पुढे उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. म्हणजे जे पाहायचे ते चार तासांचा उजेड आणि त्याच्या दोन्ही टोकांचा लांबलेला संधिप्रकाश एवढ्यात पाहून व्हायला हवे. थंडीचा मात्र अनेकांचा अंदाज चुकतो. अटलांटिकमधील उष्ण प्रवाहामुळे रेक्याविकचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, आणि त्या मानाने लेहचा हिवाळा कितीतरी कडक ठरतो. खरी अडचण या सौम्यपणातूनच उद्भवते, कारण तापमान शून्याच्या वर-खाली होत राहिल्याने बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर धरतो. त्यात वाऱ्याची भर पडते. उभ्या मोटारीचे दार निष्काळजीपणे उघडले तर वारा ते बिजागरीतून उलटे वाकवतो, म्हणून भाड्याने गाडी घेणाऱ्याला आधी त्याचीच ताकीद दिली जाते. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चढत्या क्रमाने इशारे देते, रस्ते खाते वेळ पडल्यास फाटक लावून रस्ता बंद करते, आणि मग कितीही पैसे मोजलेले असले तरी सहल जागच्या जागी थांबते.

रेक्याविक सोडल्यावर लागणारे सेल्यालान्द्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे प्रत्येकी सुमारे ६० मीटर उंचीचे आहेत (स्थानिक भाषेत फॉस म्हणजे धबधबा आणि योकुल म्हणजे हिमनदी). ज्या कड्यावरून ते कोसळतात तो एके काळी समुद्राच्या लाटा झेलणारा सागरकडा होता. हिमयुग संपताना जाड बर्फाचे ओझे हलके झाल्यावर भूमी हळूहळू वर उचलली गेली, हिमनद्यांनी वाहून आणलेल्या काळ्या वाळूने किनारा पुढे सरकला, आणि कडा मागे राहिला. आज स्कोगाफॉसपासून समुद्र सुमारे पाच किलोमीटर दूर आहे. सह्याद्रीतील धबधबे पावसावर जगतात आणि दिवाळीनंतर बहुतेक आटतात. येथे मात्र वरच्या अंगाला असलेला बर्फाचा साठा नद्यांना बारमाही पाणी पुरवीत राहतो, त्यामुळे हिवाळ्यातही धार तुटत नाही, फक्त तिचा जोर कमी होतो. उडणारे तुषार कड्यावर, गवतावर आणि कठड्यावर गोठतात. उन्हाळ्यात सेल्यालान्द्सफॉसच्या पडद्यामागून जाणारी पायवाट त्यामुळे बर्फाने मढते आणि बहुधा बंद ठेवली जाते, तर स्कोगाफॉसच्या शेजारच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढायला बुटांना काटे लावावे लागतात. २०१० च्या वसंतात उद्रेक होऊन युरोपची विमानवाहतूक कित्येक दिवस ठप्प करणारा एयाफ्यात्लायोकुल हा हिमाच्छादित ज्वालामुखी याच धबधब्यांच्या माथ्यावर आहे, हे खाली उभे राहून सांगितले तरी पटत नाही.

आइसलंडच्या भूभागापैकी सुमारे एक दशांश भाग बर्फाखाली आहे. येथे हिमनदी म्हणजे नुसता साठलेला बर्फ नव्हे. वर्षानुवर्षे पडणारा हिम उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही, त्याच्या थरांवर थर बसतात, खालच्या थरांतील हवा दाबाने बाहेर निघते किंवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने अडकून पडते, आणि शेवटी त्याचा घट्ट, स्फटिकमय बर्फ बनतो. असा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो आणि तेव्हाच त्याला हिमनदी हे नाव शोभते. उंच पठारावर चहूबाजूंना पसरलेल्या मोठ्या बर्फराशीला हिमटोपी म्हणतात, आणि तिच्या काठावरून दरीत उतरणाऱ्या फाट्याला हिमजिव्हा. पायी फिरण्यासाठी पर्यटकांना नेतात ती सोलहेमायोकुल ही मिरदाल्सयोकुल नावाच्या हिमटोपीची अशीच एक जिव्हा आहे. त्या हिमटोपीखाली कात्ला हा ज्वालामुखी असून त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला.

बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी शिरस्त्राण, कमरपट्टा, बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचा पोलादी काट्यांचा साचा, एवढे साहित्य प्रत्येकाला दिले जाते. पाय थोडे फाकवून, तळवा सपाट ठेवून आणि प्रत्येक पाऊल दाबून टाकावे लागते. टाच किंवा चवडा तिरका पडला तर काटे रुतत नाहीत, आणि पाय जवळ आणले तर एका पायाचे काटे दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात. वाटेत बर्फातून वर आलेले गुडघाभर, कधी पुरुषभर उंचीचे काळे शंकू दिसतात. ते मातीचे ढीग वाटतात, पण कुऱ्हाडीचे टोक मारताच बोटभर काळ्या थराखाली निळसर बर्फ उघडा पडतो. जुन्या उद्रेकांची राख बर्फावर पातळ पसरली तर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवते, उलट ती जाड साठली तर बर्फाला झाकून ऊन लागू देत नाही. त्यामुळे भोवतालचा बर्फ खाली जातो आणि राखेखालचा तेवढा शंकूसारखा उरतो. एकाच राखेचे हे दोन परस्परविरोधी परिणाम हाताच्या अंतरावर पाहायला मिळणे हा या चालण्यातला सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल. हिमभेगा म्हणजे सरकत्या बर्फावर ताण येऊन पडलेल्या खोल चिरा; उघड्या बर्फावर त्या दिसतात, पण ताज्या हिमाने त्यांची तोंडे झाकली गेली तर पाय कुठे टाकावा हे सवयीच्या नजरेलाच समजते. जिव्हा सतत हलत आणि झिजत असल्याने महिन्याभरापूर्वीची वाट आज असेलच असे नाही, आणि म्हणून वाटाडे पायऱ्या वारंवार नव्याने खोदतात.

ही जिव्हा किती आखडते आहे याची मोजणी जवळच्या गावातील शाळेची मुले २०१० पासून दर शरद ऋतूत करीत आली आहेत. देशभर अशा मोजमापांची परंपरा १९३० पासूनची असून १९५० साली स्थापन झालेल्या हिमनदी संशोधन मंडळाचे स्वयंसेवक ती चालवतात. हौशी माणसांनी इतकी वर्षे नेटाने राखलेल्या अशा नोंदी जगात थोड्याच असतील.

पूर्वेकडे गेल्यावर वात्नायोकुल लागते. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर पसरलेली आणि सरासरी ४०० मीटर जाडीची ही हिमटोपी आइसलंडमधील सर्वांत मोठी असून तिच्याभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिच्याखालीही ज्वालामुखी आहेत. १९९६ च्या सप्टेंबरअखेरीस बर्फाखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी ग्रिम्सव्होत्न या ज्वालामुखीच्या विवरात साठत गेले, आणि सुमारे पाच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, ते बर्फ उचलून बाहेर फुटले. महापूर येणार हे ठाऊक असल्याने रस्ता आधीच बंद होता, म्हणून माणसे वाचली, पण पूल गेले. त्यांतील एका पुलाच्या पिळवटलेल्या तुळया रस्त्याच्या कडेला जाणूनबुजून राखून ठेवल्या आहेत, आणि पाण्याच्या बळाची कल्पना त्यांच्याइतकी नेमकी कोणताही आकडा देत नाही. मुळात हा पूर ज्यावरून गेला त्याच वालुकामय मैदानावर पूल बांधणे कठीण असल्यामुळे देशाला वळसा घालणारा वर्तुळमार्ग १९७४ पर्यंत अपुरा राहिला होता.

जवळच्या स्काफ्ताफेल परिसरातील स्वार्तिफॉस उंचीने किरकोळ, जेमतेम २० मीटर, पण त्याच्या मागची भिंत काळ्या षट्कोनी खांबांची आहे. लाव्हारस थंड होताना आकसतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात तडे जाऊन असे स्तंभ तयार होतात. मुंबईकर वाचकाला ते पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच प्रक्रियेतून घडली आहे. फरक एवढाच की दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा जुना आहे, तर आइसलंडचा खडक अजून बनतो आहे.

हिवाळी सहलीचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे हिमगुहा. उन्हाळ्यात वितळलेले पाणी हिमनदीच्या पोटातून वाट काढते आणि बोगदे कोरते. शरद ऋतूत गारठा वाढला की पाणी ओसरते, बोगदे रिकामे होतात आणि भोवतालचा बर्फ घट्ट होतो. त्यानंतर वाटाडे नव्या गुहा शोधतात, छताची जाडी आणि तडे तपासतात, आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ त्या लोकांना दाखवतात. पुढच्या वर्षी तीच गुहा क्वचितच उरते. आतला गडद निळा रंग दाट बर्फाचा आहे: बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा भाग आरपार जाऊ देतो, आणि बुडबुडे जितके कमी तितका प्रकाश आत खोल शिरतो. हा हंगाम आपल्या सोयीने वाढवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेडामेर्कुरयोकुल या हिमजिव्हेवर सहलीच्या वेळी बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तेथील उन्हाळी गुहासहली तातडीने थांबवण्यात आल्या. हिवाळ्यातही उबदार पाऊस आला की गुहेत पाणी परत येते, म्हणून आदल्या दिवशी उघडी असलेली गुहा दुसऱ्या दिवशी बंद असू शकते. नकार देणारा वाटाडा पर्यटकाला कंजूष किंवा भित्रा वाटतो, पण त्याच्या कौशल्याचा पुरावा त्या नकारातच असतो.

त्याच जिव्हेच्या टोकाशी योकुल्सारलोन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिमनदीचे टोक जवळजवळ समुद्राला भिडले होते. पुढे ते मागे हटू लागले आणि १९३० च्या दशकात त्याने पोखरून ठेवलेल्या खळग्यात पाणी साठू लागले. आज हे सरोवर सुमारे २५० मीटर खोल, म्हणजे देशातील सर्वांत खोल आहे, आणि त्यातून तरंगत निघालेले हिमनग काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर येऊन अडकतात. भरतीबरोबर आत शिरणारे समुद्राचे पाणी बर्फ वितळवण्याचा वेग वाढवते, त्यामुळे हे सौंदर्य जितके विस्तारते तितकी हिमनदी आखडते. १८९० पासून देशातील हिमनद्यांनी सुमारे २,२०० चौरस किलोमीटर क्षेत्र गमावले असून पूर्वेकडील होप्न या बंदराच्या परिसरात बर्फाचा भार कमी झाल्याने जमीन वर येत आहे.

प्रवास आखणाऱ्याने काही गोष्टी आधीच मनात धराव्यात. आइसलंड शेंगेन करारात असल्याने भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. कपड्यांत लोकरीचा आतला थर आणि वारा-पाणी अडवणारा बाहेरचा थर पुरतो. सुती कपडा ओला होऊन अंग गारठवतो, म्हणून तो टाळावा. कार्यक्रमात एखादा मोकळा दिवस ठेवलेला बरा, आणि ध्रुवीय प्रकाशासाठी ढगांवर भरवसा ठेवू नये. रेनिसफ्यारा या काळ्या किनाऱ्यावर अचानक पुढे झेपावणाऱ्या लाटांनी आजवर अनेकांचा बळी घेतला आहे, तेथे पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढणे सपशेल चूक आहे. अडचणीत ११२ हा क्रमांक फिरवला की बहुधा स्वयंसेवकांचे बचाव पथक येते: शेतकरी, सुतार, शिक्षक असा पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून हे लोक वादळात बाहेर पडतात, आणि त्यांच्या वाहनांचा व उपकरणांचा बराच खर्च वर्षअखेरीस ते स्वतः विकत असलेल्या फटाक्यांतून निघतो.