हवेची परीक्षा करणारे दगडफूल

गोड्या मसाल्यातील दगडफूल घरोघरी परिचित आहे; परंतु ती एक वनस्पती नसून बुरशी व शैवल यांचा एकत्र संसार आहे, हे थोड्यांसच ठाऊक असते. या वर्गास शास्त्रात ‘शैवाक’ म्हणतात. झाडांच्या सालीवर व खडकांवर दिसणारे राखी, हिरवट वा पिवळट चट्टे बहुधा शैवाकांचेच असतात.

शैवाकास मुळे नसतात, पानांवर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाणी व क्षार ते पाऊस, दव आणि हवा यांतूनच शोषून घेते. त्यामुळे धुरातील सल्फर डायऑक्साइड वायू सरळ त्याच्या अंगी भिनतो व शैवलातील हरितद्रव्य नासते. नायलँडर या शास्त्रज्ञाने 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात विपुल शैवाके पाहिली. शहराच्या इतर भागांत ती विरळ होती. यावरून हवेची शुद्धता जोखता येईल, असे त्याने मांडले. पुढे त्या उद्यानातूनही ती नाहीशी झाली.

मुंबईत वांद्रे येथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजणारे यंत्र आहे. यंत्र त्या त्या वेळचा आकडा देते. सालीवरचे शैवाक मात्र अनेक वर्षांच्या हवेचा परिणाम दाखविते. पाण्याच्या बाबतीत हेच काम समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेली कालवे करतात. पाणी गाळताना त्यातील जड धातू त्यांच्या शरीरात साठत जातात. खेड्यातील शाळेजवळ यंत्र नसते, पण वीटभट्टी, दगडखाण किंवा हमरस्ता असू शकतो, आणि तेथील हवा मुले रोज श्वासावाटे घेतात.

शिक्षकांनी रस्त्यालगतची पाच व रस्त्यापासून दूरची पाच जुनी आंब्याची झाडे निवडावीत. निलगिरी घेऊ नये. तिची साल गळून पडते. मुलांच्या छातीइतक्या उंचीवर, खोडाच्या एकाच दिशेस, चट्टे मोजवावेत. सालीस चिकटलेले पापुद्रे आणि झुडपासारखी लोंबणारी शैवाके यांची नोंद वेगळी ठेवावी. दुसरा प्रकार दूषित हवेत सहसा आधी नाहीसा होतो.

अनुमान काढताना घाई नको. कोरडी हवा व दाट सावली यांमुळेही शैवाके कमी असतात. उलट गोठ्याजवळच्या अमोनियाने काही जाती वाढतात. म्हणून चट्टा दिसला की हवा निर्मळ, असे मुलांस सांगू नये. शैवाक खरवडू देऊ नये, कारण पुष्कळ जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. नोंदवहीत झाडाची जागा व तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीचा वर्ग त्याच खोडांवर पुन्हा मोजणी करू शकेल.