अर्धस्वयंचलित मागातील दोषनिदान : बाण्याचा पुरवठा आणि सैल भाग

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागले म्हणजे कोन हे गाव लागते. येथून भिवंडी शहरापर्यंतच्या पट्ट्यात यंत्रमागाचे कारखाने आणि गुदामे यांची वस्ती आहे. या व्यवसायातील साध्या मागांना जागच्या जागी सुधारून अर्धस्वयंचलित करण्यासाठी केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य मिळू लागले, आणि १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथे सुरू झालेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ या योजनेत त्याचा समावेश झाला. मागाला नवी उपांगे बसली की तो निर्दोष चालेल, अशी अपेक्षा स्वाभाविक असते. परंतु नव्या जोडणीबरोबर नवे दोषही येतात, आणि त्यांचे निदान करताना यंत्राच्या रचनेइतकाच विचार दोषाला दिलेल्या नावाचाही करावा लागतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचे विवेचन केले आहे.

प्रथम ‘अर्धस्वयंचलित’ या संज्ञेचा अर्थ निश्चित केला पाहिजे. अमेरिकेत १८९४ साली बाजारात आलेल्या नॉर्थ्रॉप मागात रिकामी कांडी निघून तिच्या जागी भरलेली कांडी आपोआप बसत असे. म्हणून तो स्वयंचलित. अर्धस्वयंचलित मागात कांडी कामगारालाच बदलावी लागते. मात्र ताण्याचा अथवा बाण्याचा धागा तुटताच माग स्वतः थांबतो. म्हणजे या मागाचे ‘स्वयं’ हे चालण्यात नसून थांबण्यात आहे. ही कल्पना नवी नव्हे. बाणा तुटल्यावर माग थांबविणारा काटा लँकाशरमध्ये केनवर्दी आणि बुलो यांनी १८४१ मध्येच सिद्ध केला होता.

या काट्याचे कार्य समजल्यावाचून पुढील निदान समजणार नाही. धोटा काट्याच्या बाजूच्या पेटीत आला म्हणजे त्याच्यामागे आलेला बाण्याचा धागा एका लहान जाळीसमोर ताठ पसरतो. फणी पुढे येते तेव्हा काट्याचे दाते जाळीतून जाऊ लागतात. ताठ धागा त्यांना अडवितो, काटा कलतो आणि त्याची मागची आकडी उचलली जाते. धागा नसेल तर दाते अडथळ्याविना जाळीतून पार होतात, आकडी खालीच राहते, मागून येणारा दांडा तिला ओढतो आणि मागाची मूठ सुटते. हा काटा एकाच बाजूस असल्यामुळे त्याची तपासणी दर दोन फेकींनी एकदा होते.

येथे एक लक्षणीय गोष्ट अशी की, एकाच काट्याच्या सदोष मांडणीतून परस्परविरुद्ध परिणाम संभवतात. दाते जाळीत पुरेसे शिरत नसतील, तर धागा असूनही काटा कलत नाही आणि माग विनाकारण थांबतो. उलट दाते वाकून जाळीच्या सळ्यांना टेकत असतील, तर धागा नसतानाही काटा कलतो आणि माग चालूच राहतो. कापडात बाण्यावाचूनची पोकळ पट्टी पडते. जाळीत कापसाचे तूस साठले तरी हाच दुसरा परिणाम होतो. सारांश, ‘काटा बिघडला’ हे निदान नव्हे. तो कोणत्या दिशेने बिघडला हे सांगितल्याशिवाय दुरुस्तीस आरंभ करता येत नाही.

काटा निर्दोष असूनही माग वारंवार थांबत असेल, तर बाण्याच्या पुरवठ्याकडे वळावे. धागा केव्हा तुटतो हा पहिला प्रश्न होय. कांडी नुकतीच भरून लावलेली असताना सुताचे वेढे एकदम घसरून गुंता होत असेल, तर कांडी सैल भरली गेली आहे किंवा धोटा पेटीत फार जोराने आदळत आहे, असा तर्क करावा. कांडी संपत आली असता धागा तुटत असेल, तर कांडीच्या बुडाकडून सूत ओढले जाताना वाढणारा ताण त्यास कारण असू शकतो. कोणत्याही वेळी आणि अनियमितपणे तुटत असेल, तर कांडीचे टोक, धोट्याचे छिद्र व त्याची आतली बाजू बोटाने चाचपून खरखरीतपणा शोधावा. कांडी धोट्यातील खिळीवर घट्ट बसली नसेल, तर ती प्रत्येक आघाताबरोबर हलते आणि वरील सर्व दोषांचा भास एकाच वेळी होतो. म्हणून तिची पकड सर्वांआधी पाहिलेली बरी.

दुसरा प्रश्न ‘कोठे’ हा होय. बाणा नेहमी एकाच काठाशी तुटत असेल, तर दोष कांडीचा नसून त्या बाजूच्या पेटीचा असण्याचा संभव अधिक. धोटा व पेटीची भिंत यांमध्ये धागा चिमटला जात असावा. दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात तुटत असेल, तर धोटा व कांडी बदलून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम येथे कटाक्षाने पाळला पाहिजे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही.

आता सैल भागांविषयी. नव्याने बसविलेल्या उपांगांचे नट आरंभी घट्ट वाटतात. परंतु रंगाचा थर आणि धातूच्या कडेची कूस कंपनाने दबली की तेच नट ढिले पडतात. म्हणून पहिल्या काही दिवसांत ते पुन्हा आवळणे हा जोडणीचाच भाग मानला पाहिजे. नट व चौकट यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे दुरूनही कळते. फणीचा सांगाडा हलविणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत झीज असेल, तर बाण्याची ठोक कमीअधिक पडून कापडात दाट-विरळ पट्टे येतात. धोटा फेकणाऱ्या यंत्रणेचा चामड्याचा पट्टा कोकणच्या पावसाळी हवेत ताणला जातो. परिणामी फेक क्षीण होते आणि धोटा पेटीत पूर्ण पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणून फेकीचा जोर वाढविला, तर पट्टा पुन्हा आवळल्यानंतर किंवा हवा कोरडी होताच तोच धोटा पेटीत वाजवीपेक्षा जोराने आदळू लागतो, आणि बाणा तुटण्याचे मूळ दुखणे परत येते.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे धोटा मार्ग सोडून मागाबाहेर उडणे. फणी आणि पेटीची मागची भिंत एका रेषेत नसणे, पिकर झिजणे, ताण्याचा तुटलेला धागा इतर धाग्यांत अडकून धोट्याच्या वाटेत येणे, ही त्याची प्रमुख कारणे. धोट्याची टोके पोलादी असतात, आणि शेजारच्या मागावर वाकलेल्या माणसाच्या डोळ्यास त्यांच्यापासून इजा होऊ शकते. अशा मागाची तपासणी मोटर बंद करून, माग हाताने फिरवूनच करावी, आणि धोट्याची संरक्षक सळई काढून तो चालवू नये.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. या कारखान्यांत मराठी, बनारस-मऊकडील हिंदी-उर्दू आणि तेलुगू या भाषा बोलणारे कामगार एकत्र येतात. मराठीतला ‘धोटा’ हा पूर्वेकडील हिंदी बोलींत ‘ढरकी’, तर तेलुगूत ‘नाडे’ होतो. वस्तूंच्या नावांतील हा भेद फारसा बाधक नसतो, कारण वस्तू बोटाने दाखविता येते. दोष मात्र बोटाने दाखविता येत नाही. तो घडून गेलेला असतो आणि वाक्यानेच सांगावा लागतो. मराठीत ‘तुटणे–तोडणे’, ‘सुटणे–सोडणे’, ‘फुटणे–फोडणे’ अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. त्यांपैकी दोष सांगताना सहजपणे अकर्मक रूपच योजले जाते : सूत तुटले, नट सुटला, धोटा उडाला. व्याकरणदृष्ट्या या वाक्यांत कर्ता आहे, पण करणारा नाही. घटना सांगितली जाते, कारण मात्र वाक्याबाहेर राहते. निदान म्हणजे अशा प्रत्येक अकर्मक वाक्यामागचे सकर्मक वाक्य शोधणे होय : सूत कशाने तोडले, नट कशाने सोडविला.

‘माग थांबला’ या वाक्यात तर याहून मोठी संदिग्धता आहे. साध्या मागाच्या बाबतीत ते वाक्य तक्रारच असे. अर्धस्वयंचलित मागाच्या बाबतीत ते पुष्कळदा यंत्राच्या योग्य कार्याचे वर्णन असते. जुन्या अर्थाची सवय नव्या यंत्रावर लादली गेली म्हणजे प्रत्येक थांबणे हा दोष वाटू लागतो. मजुरी मीटरवर मिळत असल्याने त्या थांबण्याची किंमत कामगाराच्या पदरी पडते, आणि काटा बांधून ठेवण्याचा मोह होतो. माग मग अखंड चालतो. परंतु पोकळ पट्ट्यांचा तागा व्यापारी उतरत्या भावाने घेतो, आणि ज्या सुधारणेसाठी खर्च केला तीच निरुपयोगी होते.

तेव्हा नोंदवहीत ‘माग थांबला’ एवढेच न लिहिता, बाणा असताना थांबला की नसताना, कोणत्या काठाशी, कांडी कितपत उरली असता, आणि शेवटचा नट केव्हा आवळला होता, या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात. त्या कोणत्याही भाषेत लिहिता येतात, आणि त्यांच्या आधारे पाळी बदलून आलेल्या दुसऱ्या माणसालाही निदान पुढे नेता येते.