थंडीच्या दिवसांत डिझेल इंजिन सुरू करणें

पौष महिन्यांत कृष्णाकांठीं पहाटेचें धुकें उतरूं लागतें, त्याच सुमारास गहूं, हरभरा व ऊंस यांच्या पाण्याची पाळी येते. विजेचा भरंवसा सर्वकाळ नसल्यामुळें सातारा व सांगली जिल्ह्यांतील कित्येक शेतकऱ्यांनीं विहिरीवर अगर नदीकांठीं डिझेल इंजिन अद्याप राखून ठेविलें आहे. परंतु एरवीं दोन फेऱ्यांत चालू होणारें हें इंजिन नेमकें थंडींत अडून बसतें. माणसें हँडल मारून थकतात, पाळी चुकते, आणि शेवटीं कोणी तरी पेटता बोळा हवेच्या तोंडाशीं धरतो. असें कां होतें, व आगीवांचून त्यास उपाय काय, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनांत ठिणगी मुळींच नाहीं. दट्ट्या हवा दाबतो, दाबानें ती तापते, व त्या तप्त हवेंत उडालेला तेलाचा फवारा आपोआप पेटतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड गरम होतें, तोच हा नियम होय.

आतां थोडा हिशेब पाहूं. हवा सतरा पटींनीं दाबली असतां, सिद्धांताप्रमाणें, ३० अंशांची हवा सुमारें ६७० अंशांपर्यंत चढते. १० अंशांची हवा मात्र सुमारें ६०५ अंशांवरच थांबते. म्हणजे बाहेर २० अंश कमी झाले कीं आंत त्याच्या तिपटीहून अधिक घट येते. प्रत्यक्षांत तोटा याहूनही मोठा असतो. गार सिलिंडर उष्णता शोषून घेतो, थंडीनें घट्ट झालेलें वंगण दट्ट्यास अडवितें, त्यामुळें चाक सावकाश फिरतें. आणि चाक सावकाश फिरलें कीं दाबलेली हवा कड्यांवाटे निसटते. थंडीचा सारा मार असा उष्णतेवर व दाबावर पडतो.

डिझेल गोठलें, असा पुष्कळांचा समज असतो. तो आपल्याकडे बहुधा खरा नसतो. लडाखसारख्या प्रदेशांत डिझेलमधील मेण खरोखर गोठतें, म्हणून २०१९ सालीं तेथें उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें खास डिझेल देण्यांत आलें. आपल्या खोऱ्यांतील थंडी तितकी तीव्र नसते.

दोष कोठें आहे हें धुरावरून ओळखावें. हँडल मारतांना पांढरा धूर येत असेल, तर तेल आंत पोंचतें पण पेटत नाहीं. उष्णता कमी पडते. धूरच येत नसेल, तर तेल पोंचत नाहीं. नळींतील हवा काढावी व फिल्टर पाहावा. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर न उचलतां चाक हातानें फिरवून पाहावें. दाबाशीं येऊन तें मागें उसळलें तर दाब ठीक. सहज पुढें गेलें तर व्हॉल्व्ह अगर कडीं झिजलीं आहेत, व तेथें मिस्त्रीवांचून गत्यंतर नाहीं.

दाब चांगला असल्यास पुढील क्रम ठेवावा. आदल्या सायंकाळीं इंजिन गोणपाटानें झांकावें. वंगण कारखान्यानें थंडीसाठीं सांगितलेल्या प्रतीचेंच घालावें. पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनांत सकाळीं जाकिटांतील गार पाणी सोडून दोन-तीन बादल्या ऊन पाणी हळूहळू ओतावें. उकळतें पाणी एकदम घालूं नये, बीड तडकतें. पट्टा असल्यास उतरवावा. पंप जोडलेलाच असल्यास त्याच्या बाहेरच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, म्हणजे ओझें हलकें होतें. मग लिव्हर उचलून चाक पंधरा-वीस वेळां फिरवावें, म्हणजे वंगण सुटतें. नोझलचा चर्र आवाज ऐकूं आला कीं पूर्ण वेग द्यावा व लिव्हर सोडावा. कडीं थोडीं सैल असतील तर हवेच्या वाटेनें वंगणाचे चार-सहा थेंब सोडावे. फट बुजून दाब वाढतो. अधिक तेल मात्र घातक होय.

पेटता बोळा, पेट्रोल अगर ईथर यांचा प्रयोग कोणीं करूं नये. हे पदार्थ वेळेपूर्वीं पेटून दट्ट्या उलट फेंकतात. हँडल मारणाऱ्याचें मनगट मोडतें. हँडल धरतांना आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. विहिरींतील कट्ट्यावर इंजिन असेल तर अधिकच जपावें. थंड हवेंत धूर खालीं कोंडतो. त्यांतील विषारी वायूस वास नसतो. इंजिन चालूं असतां, अगर नुकतेंच बंद केलें असतां, आंत उतरूं नये; कोणी आंत पडल्यास दुसऱ्यानें त्याच्यामागें उडी घेऊं नये.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं तेव्हांच्या औंध संस्थानांत, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हांपासून कारखान्याची विद्या आपल्या भागास परकी नाहीं. यंत्र हट्टी नसतें. तें आपला नियम पाळतें. ऊन पाण्याच्या दोन बादल्या अगोदर तयार ठेविल्या, तर पाळीही साधते व हातही शाबूत राहतात.