व्हिडिओ एकच, फरक शिक्षकाचा

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीची मुलगी पाहते, तोच पुण्याचा मुलगाही पाहतो. थोडी तालीम वर्गात, थोडी मोबाइलवर, ही पद्धत २०२० च्या लॉकडाऊनपासून घरोघरी पोहोचली. मग एकाला धडा समजतो आणि दुसऱ्याला का समजत नाही?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ वर्गापेक्षा वर्ग आणि ऑनलाइन ही जोड सरस ठरली. पण अशा मुलांना बहुधा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, हेही त्या अहवालात नमूद आहे. म्हणजे श्रेय एकट्या यंत्राचे नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तिथल्या प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. त्यांचे क्यूआर कोड गाजले. पण त्याआधीचे काम पाहा. मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे ओळखून ते स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तके मुलांच्या भाषेत आणली. यंत्र नंतर आले, मुलांची ओळख आधी झाली.

हायस्कूललाही हेच लागू पडते. घरात उर्दू-हिंदी आणि शाळेत मराठी, अशी आपली कितीतरी मुले आहेत. त्यांचे नेमके कुठे अडते, हे व्हिडिओला कळत नाही. जाणता शिक्षक दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न विचारून ते हेरतो. घरातला एकुलता मोबाइल अब्बूंसोबत कामावर जातो, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो वहीतला अभ्यासही देतो. ‘समजले नाही’ म्हणणाऱ्या मुलीला तो हसत नाही. विषयाची पकड, धीर आणि नियमित तपासणी, हेच त्याचे गुण.

पालकांनीही आपला वाटा उचलावा. पालकसभेला जरूर जा. ‘किती व्हिडिओ पाठवले?’ असे न विचारता ‘आमच्या मुलीला कुठे अडते?’ असे विचारा. मोबाइल रोज ठरावीक वेळी तिच्याही हाती द्या, फक्त भावाच्याच नव्हे. आणि रात्री जेवताना तिला म्हणा, ‘बेटा, आज काय शिकलीस, जरा समजावून सांग.’ ती अडखळली तर रागावू नका. तोच प्रश्न वहीत लिहून तिला दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडे पाठवा.