शेवभाजी, तर्री आणि कॅलरींचा अंदाज

मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाण्याजवळ जेवायला थांबलं, की शेवभाजी मागवली जातेच. मेन्यूकार्डावर कॅलरी छापण्याचं बंधन दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर आहे, साध्या ढाब्यावर नाही. तिथे अंदाजच करावा लागतो.

आधी तेल पाहावं. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात. तितक्याच पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून 4. म्हणजे एक मोठा चमचा तेल साधारण 120 कॅलरींचं. वाटीवर लाल तर्री दाटली असेल, तर दोन चमचे सहज धरावेत. शेव मुळातच तळलेली, तेव्हा 50 ग्रॅम शेवेचे आणखी पावणेतीनशे. साठेक ग्रॅम पिठाची कळण्याची भाकरी दोनशेच्या आसपास. दोन भाकरी आणि वाटीभर भाजी मिळून नऊशे ते हजार.

हा आकडा शंभर-दीडशेनं चुकणारच, आणि तो खुशाल चुकू द्यावा. भाकरीची जाडी हातागणिक बदलते. शिवाय वजन ठरतं ते आठवड्यांच्या, महिन्यांच्या खाण्यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2110 आणि स्त्रीला 1660 कॅलरी लागतात. त्यात असं एक जेवण आरामात बसतं. फार वाटलं तर तर्री थोडी बाजूला सारावी, कांदा-काकडी जास्त घ्यावी. मात्र आकड्यांपायी घास घशाखाली उतरत नसेल, चारचौघांत जेवणंच टाळलं जात असेल, तर मोजणं बंद करून डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावं.