समुद्राचं वेळापत्रक

मुलांनो, तुम्हाला पोहता येतं का? आमच्या आष्ट्याच्या पोरांना विचारलंत, तर वर्गातले निम्मे हात वर होतील. का नाही होणार? एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा आणि मधल्या उसाच्या पट्ट्यात जागोजागी विहिरी! पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचं आणि डबा सुटला की काठावरून धाडकन मुटका मारायचा. शिवाय २००५ आणि २०१९ सालचे महापूर आमच्या वाळवा तालुक्यानं पाहिलेले. त्यामुळे ‘पाणी काय असतं ते आम्हाला नका सांगू’ असा आमच्या पोरांचा एकूण थाट!

पण एक गंमत सांगू? आपली कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. म्हणजे नदीचा हात धरून निघालो, तर आपल्याला आपला जवळचा समुद्र कधी भेटायचाच नाही. त्यासाठी सह्याद्रीच ओलांडायला हवा.

तो आम्ही ओलांडला दोन वर्षांपूर्वीच्या पौष महिन्यात. सातवीची मुलं, आम्ही तिघं शिक्षक आणि एक एस.टी. पहाटे चारला निघालो. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूरचं जंगल आणि मग फोंडाघाट! घाट उतरताना ऊस मागे पडला आणि आंबा, काजू, माड दिसू लागले. हवा दमट झाली. दुपारी मालवणात पोहोचलो, जेवलो आणि जवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेलो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची लांबच लांब पट्टी. मुलांनी समुद्र पाहिला मात्र, दोन मिनिटं कुणी बोलेना!

आणि मग जे घडलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. त्यात चूक माझी होती, हेही आधीच सांगून टाकतो.

साधारण पाच वाजले होते. “गुडघ्याएवढ्या पाण्यातच थांबायचं हं,” असं मी बजावलं आणि मुलांना आत सोडलं. एके ठिकाणी लाटा जोरात फुटत होत्या. शेजारीच दहा-बारा पावलांवर लाटा फुटतच नव्हत्या, पाणी कसं शांत दिसत होतं. मी म्हटलं, “तिकडं खेळा, तिथं लाटा नाहीत.” आमच्या वर्गातला एक पठ्ठ्या पोहण्यात सगळ्यांत तरबेज. तो दोन पावलं पुढं गेला आणि बघता बघता त्याच्या पायाखालची वाळू सरकली. तो आडवा झाला. उठू लागला, पुन्हा आडवा! पाणी त्याला आत ओढत होतं.

तेवढ्यात मागून हाक आली, “गुरुजी, पोरांका भायर काढा! पाणी खेचता हा!” एक वयस्कर मच्छीमार आजोबा जाळं टाकून धावत आले. कमरेएवढ्या पाण्यात शिरून त्यांनी त्या पोराचा दंड धरला आणि बाजूनं चालत त्याला बाहेर आणलं. हे सगळं मिनिटाभरात झालं. पोरगा धडधाकट होता, फक्त नाकातोंडात खारं पाणी गेलेलं. माझे पाय मात्र लटपटत होते.

आजोबा रागावले नाहीत. वाळूत बसले, मुलांना भोवती बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “ह्यां पाणी साधां नाय, गुरुजी.”

मग त्यांनी जे समजावलं ते असं. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत तर जायला हवं ना? ते एखाद्या खोलगट वाटेनं, सगळं मिळून, जोरानं परत जातं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून वरून ती जागा शांत दिसते. म्हणजे मी मुलांना नेमकं ओढीच्या जागी पाठवलं होतं! त्यातून त्या वेळी ओहोटी सुरू झालेली, त्यामुळे ओढ आणखी वाढलेली. विहिरीचं पाणी जागेवर असतं. नदीचं पाणी एकाच दिशेनं जातं आणि ती दिशा डोळ्यांना दिसते. समुद्राचं पाणी मात्र वेळ पाहून दिशा बदलतं, आणि ती वेळ आपल्याला ठाऊक नसते.

“मग ती वेळ तुम्हाला कशी कळते?” एका मुलीनं विचारलं.

आजोबा हसले. म्हणाले, “आज तिथी कुठली?” आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. त्या दिवशी होती पंचमी. कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाचाची पाऊणपट किती? पावणेचार! म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती झाली होती आणि आम्ही पाचला पाण्यात उतरलो, तेव्हा ओहोटी लागून सव्वा तास झाला होता.

आहे की नाही मजा? आपल्या आजोबा-पणजोबांनी पाऊणकी पाठ केली, ती बाजारहाटासाठी. इथं तिच्यावर समुद्र मोजतात!

हा हिशेब का जुळतो, तेही समजून घ्या. भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तासच. एका भरतीपासून पुढची ओहोटी सुमारे सहा तासांनी आणि पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी. तिथी शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र दोघांची ओढ एकत्र होते, तेव्हा येते उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, ती भांगाची भरती. अर्थात तिथीचा हिशेब हा अंदाज आहे, बरं का! गावागणिक थोडाफार फरक पडतो. नेमकी वेळ हवी, तर छापील भरतीचं कोष्टक बघायचं किंवा तिथल्या मच्छीमाराला विचारायचं.

जगातले सगळे समुद्र असे वागत नाहीत. युरोप आणि आफ्रिका यांच्या मधला भूमध्य समुद्र चहूबाजूंनी जवळजवळ बंदिस्त आहे. त्याच्या काठच्या बहुतेक गावांत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर! उलट आपल्या शेजारच्या गुजरातेत, खंबातच्या आखातात, पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. म्हणून एका किनाऱ्यावरचा अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावर तसाच्या तसा चालत नाही.

दुसरा दिवस षष्ठीचा. मुलांनी रात्रीच हिशेब मांडला : सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, म्हणून साडेदहाला ओहोटी. सकाळी आम्ही आधी आजोबांची रापण बघायला गेलो. रापण म्हणजे मोठं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. आमच्या पोरांनीही दोर धरले. ओढून ओढून हात लाल झाले! दोराला हात लावणाऱ्याला थोडी तरी मासळी द्यायची, अशी तिथली रीत. आमच्या वाट्याला पिशवीभर तारली आली.

साडेदहाला मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर पोहोचलो. हिशेब बरोबर! पाणी मागं गेलेलं आणि खडकांच्या खळग्यांत छोटी छोटी तळी उरलेली. त्यांत काय नव्हतं! फुलासारखं उघडणारं आणि बोट जवळ नेताच मिटणारं समुद्रफूल, खडकाला चिकटलेली कालवं, तिरके पळणारे खेकडे. एका मुलानं छानसा शंख उचलून खिशात टाकला आणि थोड्या वेळात “आई गं!” म्हणून उडीच मारली. शंखात खेकडा राहत होता! तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. म्हणजे आपण शंख घरी आणला, तर कुणाचं तरी घर आणलं असं होतं.

खळग्यात प्रवाळही दिसलं. ते दगडासारखं दिसतं, पण ती असते असंख्य चिमुकल्या जिवांची वसाहत. ते वाढतं अगदी हळूहळू आणि आपल्या एका पायाखाली मोडतं. १९८७ साली मालवणचा हा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तिथून प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे. बघायचं, वहीत चित्र काढायचं आणि पाय जपून टाकायचा.

दुपारी होडीनं सिंधुदुर्गावर गेलो. जाताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट होतं, ते मी स्वतः तपासलं. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला बांधून घेतला. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत मात्र गोड्या पाण्याच्या विहिरी! त्यांची नावंही गोड : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किल्ला बांधायला अशी जागा निवडायची, म्हणजे समुद्र किती नीट वाचला असेल! आणि तो वाचायला महाराजांनी कुणाला बरोबर घेतलं असेल? तिथल्या कोळ्यांना आणि खलाशांना, म्हणजे त्या आजोबांच्या पूर्वजांसारख्या माणसांनाच.

मुलांनो, २०१७ सालच्या एप्रिलमध्ये मालवणजवळच्याच वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. ते काही लहान नव्हते, शिकले-सवरलेले होते. ही बातमी मी वाचली होती, तरी त्या संध्याकाळी माझ्याकडून चूक झालीच. म्हणून तुम्ही तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक : पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. दोन : लाटांच्या मधली ‘शांत’ जागा टाळा. तीन : ओढीत सापडलातच, तर किनाऱ्याकडं झगडत पोहू नका. दम जातो. अंग पाण्यावर तरंगतं ठेवा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढीची वाट अरुंद असते, बाजूला गेलं की ती सुटते.

आमचा तो पठ्ठ्या आता हायस्कुलात जातो. परवा रस्त्यात भेटला. म्हणाला, “गुरुजी, आज एकादशी. मालवणात भरती सव्वाआठला!”

तुमच्या घरच्या कॅलेंडरवर आज कोणती तिथी आहे? काढा बघू पाऊणपट!